अन्लोगाची रापण

अ‍ॅशबर्नहून निघताना

आफ्रिकेला जाते म्हटल्यावर मावशीने पहिला प्रश्न सिंहांचा विचारला आणि दुसरा मलेरियाचा. मी म्हटलं, "मावशी, घानाच्या किनाऱ्यावर मालवणइतकेच सिंह आहेत."

"मग बघायला आहे काय तिथे?"

"माणसं."

"माणसं बघायला एवढं तिकीट काढतेस? शनिवारी मंदिरात चल, हवी तेवढी दाखवते."

मी व्हर्जिनियात शिकते आणि सुट्टीला अ‍ॅशबर्नला मावशीकडे जाते. अ‍ॅशबर्न म्हणजे बिनखिडक्यांच्या प्रचंड इमारती. जगभरचे फोटो, पत्रं आणि भांडणं त्या इमारतींच्या पोटात साठवलेली असतात. मावशीचा मुलगा नील अशाच एका इमारतीत यंत्रांची देखभाल करतो. तिथला त्याचा वरिष्ठ म्हणजे सेन्यो. सेन्यो घानाचा. एकदा तो मावशीकडे जेवायला आला आणि वरणभात हाताने कालवता कालवता आपल्या गावच्या मासेमारीबद्दल सांगू लागला. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धगोल फिरते, दोरीची दोन्ही टोकं किनाऱ्यावर राहतात आणि गावकरी गात गात ते जाळं वाळूवर ओढतात. मी हातातला घास ताटात ठेवला आणि ओरडले, "अरे, ही तर रापण!"

कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते. रापण हे एकट्याने करायचं काम नाही. ज्याने दोरीला हात लावला त्याचा वाटा. यंत्राच्या बोटींनी आमच्याकडच्या रापणी पार खिळखिळ्या केल्या. आमच्या घरी वर्तमानपत्राच्या आधी पत्रकं यायची, कारण ती आमच्याच पडवीत छापली जायची, आणि त्यातली निम्मी रापणवाल्यांच्या बाजूची असायची. त्यामुळे या विषयावर मला तटस्थ राहता येत नाही. राहायचंही नाही.

ऑगस्टमध्ये सेन्यो गावी जाणार होता तो आईला कायमचं अ‍ॅशबर्नला आणायला. वडील गेल्यापासून जाळं तीच चालवत होती. तिचे गुडघे दुखत होते, दोरी ओढायला माणसं मिळत नव्हती. इकडे खोली रंगवून तयार होती, बायकोने जाड पांघरूणही आणून ठेवलं होतं. आमच्या अ‍ॅशबर्नमध्ये ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. आईवडिलांना आणायचं, काचेच्या दाराशी बसवायचं, आणि त्यांना इथे करमत का नाही याचं आपण नवल करायचं!

"मी तुझ्या आईच्या बाजूने आहे," मी सेन्योला सांगितलं.

"तू तिला अजून भेटलीही नाहीस."

"म्हणून तर येते."

नील म्हणाला, "ताई, दॅट्स नॉट हाऊ इट वर्क्स." पण तिकीट त्यानेही काढलं.

वाळूची पट्टी

आक्रा शहरातून पूर्वेला निघालं की सोगाकोपेला व्होल्टा नदीचा पूल लागतो. गाडी थांबायचा अवकाश, खिडकीबाहेर डोक्यावर परात घेतलेल्या बायकांची रांगच उभी राहते. मक्याच्या पिठाचा वाफवलेला, किंचित गोड अबोलो आणि त्याबरोबर मूठभर तळलेले इवलेसे मासे. या माशांना इथे ज्या नावाने हाक मारतात त्याचा अर्थ 'एक माणूस, हजार मासे'. गरिबाच्या ताटात एवढी श्रीमंती ओतणारं नाव मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. आपल्याकडची तशीच बारीक मासळी, मोतयाळी, आठवली. नीलने आधी एक मासा उचलला, त्याचे डोळे पाहिले, त्याने नीलचे पाहिले, आणि मग सगळी पुडी एकट्याने संपवली.

पुलापलीकडे काही अंतरावर रस्ता किनाऱ्याकडे वळतो आणि भूगोल अक्षरशः बारीक होत जातो. एका हाताला अटलांटिक, दुसऱ्या हाताला केटाचं खाऱ्या पाण्याचं सरोवर, आणि मधे वाळूची लांबच लांब पट्टी. तिच्यावर रस्ता, घरं, चर्च, शाळा, कबरी, माडांची राई आणि शेती असा सगळा संसार. काही ठिकाणी गाडीत बसूनच दोन्हीकडचं पाणी दिसतं. अन्लोगा हा इथला नव्याने वेगळा केलेला जिल्हा. शेजारच्या केटामधून काही वर्षांपूर्वी तो काढला. जिल्हा कचेरीच्या आवारात आपल्यासारखेच कागद हातात घेतलेले लोक झाडाखाली बसलेले होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं 'साहेब जेवायला गेलेत' मी भाषा न येता वाचलं.

लोक अन्लो, भाषा एवे. कोणत्या वारी जन्मलात यावरून इथे नाव मिळतं. मी गुरुवारची, म्हणून पोहोचल्यापोहोचल्या मी यावा झाले, आणि शनिवारचा नील क्वामी. सेन्योची आई सोमवारची म्हणून आजो. तिला सगळे दादा आजो म्हणतात. आपला दादा म्हणजे मोठा भाऊ, इथली दादा म्हणजे आई. दोघांचा आवाज घरात चालतो, एवढं साम्य मला पुरलं.

दादा आजो अंगणात मासे धुरावण्याच्या गोल मातीच्या भट्टीशी उभी होती. उंच, काटक, कमरेला दोन कापडं गुंडाळलेली. आक्राच्या आणि सीमेपलीकडच्या लोमेच्या बाजारांत आयुष्यभर मासे विकल्यामुळे तिचं इंग्रजी मोडकं पण धारदार. तिने आधी पाणी दिलं. आम्ही प्यायलो. मग ती समोर बसली आणि म्हणाली, "आता सांगा, कशासाठी आलात?"

ही इथली रीत. पाणी पाजल्यावर पाहुण्याला येण्याचं कारण विचारायचंच. आपल्याकडे चहा होतो, पोहे होतात, हवापाणी होतं, आणि पाहुणा निघताना चपला घालत म्हणतो, 'बरं, एक छोटंसं काम होतं.' मला त्यांची रीत फार आवडली. सेन्योला त्या क्षणी ती अजिबात आवडली नसावी. त्याने खाली मान घालून सांगितलं, "दादा, तुला न्यायला आलोय."

"आणि ही?"

"ही तुझ्या बाजूने भांडायला आलीये."

दादा आजोने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "एवढीशी? याहून मोठी नव्हती का मिळाली?"

त्या संध्याकाळी अक्पले आणि भेंडीचं सार होतं. अक्पले म्हणजे मक्याच्या पिठाची मऊ उकड. तिचा गोळा बोटांनी तोडायचा, सारात बुडवायचा आणि गिळायचा. भेंडीची तार निघू नये म्हणून आपल्या आया चिंचेपासून ताकापर्यंत काय काय घालतात, आणि इथे ती तार हीच स्वयंपाकाची शान! नीलच्या हनुवटीपासून ताटापर्यंत एक तार बराच वेळ झोके घेत होती. शेजारणी ती पाहायला आल्या.

जेवतानाच मायलेकांचा करार झाला. दादा आजो म्हणाली, "गुरुवारी जाळं टाकते. दोरी भरण्याइतके हात आले तर मी राहणार. नाही आले तर जाळं भाच्याला देते आणि तुझ्या बर्फात येऊन बसते. मग मला काही विचारायचं नाही."

"कबूल," सेन्यो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरून तो जिंकणार असं त्याला वाटत होतं. तिच्या चेहऱ्यावरून तिलाही तोच जिंकणार असं वाटत होतं.

कांदे, मीठ आणि चौथ्या दिवसाचा बाजार

गुरुवारपर्यंत आम्ही जिल्हा पालथा घातला. अन्लोगाची खरी करामत म्हणजे कांदा. निव्वळ वाळूत! पांढऱ्या वाळूचे लहान लहान वाफे, रांगोळीसारखे रेखलेले, आणि त्यांत गच्च उभी हिरवी पात. खाली थोडंसं खणलं की गोडं पाणी लागतं. पूर्वी लोक ते डोक्यावरून वाहून आणायचे, आता पंप आणि फवारे आलेत. शेण, वटवाघळांची विष्ठा, खराब झालेले मासे असं सगळं वाळूत जिरवून पिढ्यान् पिढ्या त्यांनी ही जमीन घडवली आहे. कांदा लहान, जांभळा, तिखट. पातीसकट बांधलेल्या जुड्या पाहून मला अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा आठवल्या. सरोवराला पूर आला तर मात्र वाफेच बुडतात. एका बाजूला समुद्र जमीन खातो, दुसऱ्या बाजूने सरोवर चढतं, आणि मधल्या पट्टीवर लोक कांदा लावतात. पुस्तकात याला 'मर्यादित नैसर्गिक साधनसंपत्ती' म्हणतात. ज्याने हे लिहिलं त्याने एकदा इथला वाफा शिंपून पाहावा.

कोरड्या दिवसांत सरोवर आटलं की तळाचं मीठ खरवडून बायका ढीग लावतात. आम्ही गेलो तेव्हा पाणी होतं, म्हणून माडाच्या झापांनी शाकारलेले जुने ढीगच दिसले. माडांचं मात्र वाईट वाटलं. एका रोगाने इथल्या जुन्या राया उभ्याच्या उभ्या मारल्या, शेंडे गळून नुसते खांब राहिले. आता नवी रोपं लावतात.

केटाचा बाजार पाहायचा म्हणून मी नीलला बुधवारी सकाळी ओढत नेलं. कारण गावातलं कोणीतरी म्हणालं होतं, गेल्या बुधवारी बाजार भरला होता. तिथे पोहोचलो तर एक शेळी आणि एक झोपलेला माणूस. इथला बाजार वारावर नाही, दर चौथ्या दिवशी भरतो, त्यामुळे प्रत्येक वेळी वार सरकतो. अख्खा किनारा ते बोटांवर मोजतो आणि चुकत नाही.

"ताई, तू प्लॅन करू नकोस, प्लीज," नील म्हणाला.

रिकाम्या बाजारातून आम्ही डॅनिश लोकांनी बांधलेल्या किल्ल्याकडे गेलो. इथे माणसांना साखळ्या घालून जहाजांची वाट पाहायला कोंडत. अर्धा किल्ला समुद्राने गिळला आहे. वाटाड्या म्हणाला, "समुद्राने आमची घरंही खाल्ली, त्याबद्दल त्याच्यावर राग आहे. पण ही भिंत खाल्ली त्याबद्दल नाही." नील भिंतीतल्या एका लोखंडी कड्याला हात लावून उभा होता. तो अमेरिकेच्या शाळेत शिकलेला. पलीकडच्या किनाऱ्यावरून हा इतिहास त्याला पाठ होता, या किनाऱ्यावरून तो पहिल्यांदाच पाहत होता.

परतताना क्षितिजावर मोठ्या बोटी दिसल्या. आम्हाला न्यायला आलेला सेन्यो म्हणाला, "त्या सगळं खालून खरवडून नेतात. मग किनाऱ्यावर काय येणार? पोरं मोटारसायकल चालवायला शहरात गेली. दोरी कोण ओढणार? मी वाईट मुलगा नाही, यावा. मी हिशोबी मुलगा आहे."

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. म्हणूनच मला ते सहन झालं नाही.

दवंडी

त्याच दुपारी सेन्यो झोपला होता. मी नीलला घेऊन टोग्बेकडे, म्हणजे वाडीच्या म्हाताऱ्या प्रमुखाकडे गेले. रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून दारूची बाटली नेली होती आणि ती डाव्या हाताने पुढे केली. बसलेल्या सगळ्यांनी एकदम श्वास ओढला. टोग्बेच्या सेवकाने हात मागे घेतला. डावा हात आपल्याकडे ताटाला चालत नाही, इथे कशालाच चालत नाही. मी बाटली उजव्या हातात घेऊन पुन्हा आत येण्याचं नाटक केलं, तेव्हा टोग्बे इतका हसला की त्याला खोकला आला.

पाणी झालं. कारण विचारलं गेलं. मी म्हटलं, "उद्या दादा आजोचं जाळं आहे. दवंडी पिटायची परवानगी हवी."

"तिने मागितली का?"

"नाही. मी मागते."

टोग्बेने नीलकडे पाहिलं. "ही नेहमी अशीच असते?"

"जन्मापासून," नील म्हणाला.

परवानगी मिळाली. लोखंडी घंटा बडवत दवंडीवाला पुढे, मागे मी. तो एवेमध्ये ओरडायचा, 'उद्या आजोचं जाळं आहे, दोरी वाट पाहते आहे!' आणि मी शिकलेले ते शब्द त्याच्यामागे इतक्या भयंकर उच्चारात ओरडायचे की लोक घरातून धावत बाहेर यायचे. कांद्याच्या वाफ्यांत गेले, शिवणवर्गात गेले, मोटारसायकलींच्या थांब्यावर गेले. 'मोठ्या बोटींना उत्तर एकच, एकजूट!' हेही मी जोडलं. दवंडीवाल्याने त्याचं काय भाषांतर केलं देव जाणे, लोक टाळ्या वाजवत होते.

"ताई, यू आर रिगिंग द इलेक्शन."

"जनजागृती म्हणतात याला."

गुरुवार

गुरुवारी पहाटे होडी लाटा फोडून गेली. दोरी वाळूवर पडली, आणि माणसं येऊ लागली. आधी नेहमीचे म्हातारे. मग कांदेवाल्या. मग शिवणवर्ग, मोटारसायकलवाले, शाळेचा फुटबॉल संघ, आक्राहून आलेल्या कुणाच्या पाहुण्या, चर्चमधले गायक. दोरीला हात लावायला जागा उरली नाही. लोक एकमेकांच्या हातावर हात ठेवून ओढत होते. घंटेच्या तालावर गाणं सुरू झालं आणि अख्खा किनारा मागे झुकला. मला रडू येत होतं. आमच्या पडवीतल्या सगळ्या पत्रकांनी मिळून कधी एवढी माणसं जमवली नव्हती!

दादा आजो मात्र कमरेवर हात ठेवून दोरीकडे पाहत होती, आणि तिचा चेहरा दर माणसागणिक उतरत होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. रापणीच्या गावात वाढलेल्या मुलीला हे सांगावं लागू नये. दोरीला हात लागला की वाटा. जाळ्याची पिशवी वाळूला लागण्याआधी ज्या ज्या हाताने दोर धरला, तो प्रत्येक हात आता मासे मागणार. आणि मी हजारो मासे नाही, हजारो हात आणले होते.

पिशवी वर आली. आत चांदीसारखे तडफडणारे लहान मासे, थोडे बांगडे, एक चिडलेला खेकडा. वाईट नव्हतं. पण त्या गर्दीपुढे ते मंदिरातल्या प्रसादासारखं दिसत होतं. इथे अर्धे मासे ओढणाऱ्यांचे, अर्धे जाळ्याच्या मालकिणीचे. ओढणाऱ्यांचा अर्धा भाग बघता बघता संपला, आणि निम्मे लोक ताटकळत उभे. दादा आजोने आपल्या, म्हणजे जाळ्याच्या, अर्ध्यात हात घातला. शेवटच्या माणसापर्यंत मूठ मूठ देत गेली. कुणी रिकामं गेलं नाही. तिच्या टोपात तळ दिसत होता, आणि त्यावर तो खेकडा.

माणसं हसत, गात पांगली. सेन्यो म्हणाला, "दादा, हे धरायचं नाही. दवंडी पिटली गेली."

"नाही धरायचं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "यावा, तू माझी बाजू घ्यायला आली होतीस. माझे मासे घ्यायला नव्हे."

नील वाळूत आडवा होऊन हसत होता.

निकाल असा लागला. शुक्रवारी पुन्हा जाळं. दवंडी नाही. आणि तोपर्यंत यावाने कोणत्याही माणसाशी बोलायचं नाही. मला कांद्याच्या खळ्यावर जुड्या बांधायला बसवलं. शेजारच्या बायका मुद्दाम येऊन प्रश्न विचारायच्या आणि मी तोंड मिटून मान हलवली की एकमेकींच्या पाठीवर थापा मारून हसायच्या. बोटांना कांदा, डोळ्यांत पाणी, आणि मनात भीती. हात आले नाहीत तर ही बाई या किनाऱ्यावरून जाईल, आणि तिला घालवण्यात माझाही वाटा असेल.

शुक्रवार

सकाळी सेन्यो इस्त्रीचा शर्ट घालून आला. दुपारी आईच्या कागदपत्रांसाठी त्याला आक्रा गाठायचं होतं. होडी जाळं टाकून परत फिरली. दोरीशी नेहमीचे म्हातारे उभे राहिले. बाकी किनारा मोकळा. दादा आजो वाळूकडे पाहत होती, वर पाहत नव्हती.

मग माडांतून कांदेवाल्या येताना दिसल्या. कालच्या सगळ्या नाहीत. त्यांच्यामागे दोन-चार मोटारसायकलवाले, फुटबॉलवाल्यांतले काही, आणि गायकांपैकी एक जाडजूड बाई. एक म्हातारी दोर हातात घेत दादा आजोला काहीतरी ओरडून म्हणाली. सगळे हसले. सेन्योने मला भाषांतर करून सांगितलं, "ती म्हणते, काल हिने स्वतःच्या टोपातून दिलं, आता पोटात तिचे मासे ओरडतायत, झोपू देत नाहीत."

गाणं सुरू झालं. एका बाजूची दोरी हलली. दुसरी हलेना. हात थोडे कमी पडत होते, आणि प्रवाह जाळं पश्चिमेला नेत होता. मी आणि नील धावत जाऊन दोरीच्या शेपटाला लागलो. तरी दोरी परत समुद्राकडे सरकली, वाळूत आमच्या टाचांचे चर पडले. घंटेवाला सेन्योकडे पाहून काहीतरी बोलला. त्याचं भाषांतर करायची गरज नव्हती.

सेन्योने शर्टाकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. ती दुसरीकडे पाहत होती. त्याने एवेमध्ये एक शब्द उच्चारला, ज्याचा अर्थ त्याने मला आजवर सांगितलेला नाही, आणि पँट दुमडून दोर धरला. त्या माणसाला अजून दोरी येत होती! कुठे जोर द्यायचा, कुठे सैल सोडायचं, सगळं हातात होतं. दोरी थांबली, आणि मग हळूहळू आमच्या बाजूला येऊ लागली.

मासे कालच्याहून थोडे जास्तच होते. वाटे झाले. दादा आजोने सेन्योपुढे त्याचा वाटा ठेवला. तो भिजलेल्या शर्टात वाळूवर बसला होता.

"हात पुरले," ती म्हणाली.

"दादा, त्यात माझे होते."

"मी तेच मोजले."

त्याने शर्टाचं पाणी पिळलं. मग म्हणाला, "खोली रंगवलीये. घरी बायकोला काय सांगू?"

"सांग, जाळं सुकत असतं तेव्हा येईन. तुमचं बर्फ पाहीन, नातवंडांना शिव्या देईन आणि परत येईन. तिकीट दोन्ही बाजूंचं काढ. एका बाजूचं काढलंस तर विमानातून उडी मारेन."

सेन्यो हसला. खरं हसला. त्याने आक्राला फोन लावून कागदपत्रांची वेळ बदलून घेतली. कायमची कागदपत्रं राहू द्या म्हणाला, भेटीला येण्याची द्या.

माझं तोंड आता मोकळं झालं होतं. श्रमाच्या मालकीबद्दल चार शब्द बोलावेत म्हणून मी उठले. तेवढ्यात दादा आजोने विचारलं, "यावा, तुझी आई कुठे असते?"

"मालवणला."

"तिला तिकडे न्यायचं नाही?"

"न्यायचंय ना. खूप सांगून पाहिलं. ऐकतच नाही. म्हणते, बालवाडी कोण चालवणार? आता त्या वयात बालवाडी धरून बसण्यात काय अर्थ..."

मी थांबले. सेन्यो माझ्याकडे पाहत होता. नील पाहत होता. दोरी गुंडाळणारे म्हातारेही, एक अक्षर न समजता, पाहत होते.

"बोल, बोल," दादा आजो टोप डोक्यावर चढवत म्हणाली. "मी आता तिच्या बाजूने आहे."